मूलपेशी 'वापरतात' की 'वापरून पाहतात'?

बालभारतीने २०१८ साली इयत्ता दहावीसाठी काढलेल्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २' या पुस्तकातील आठवे प्रकरण 'पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान' हे आहे. मूलपेशींचा विषय मराठी माध्यमाच्या शालेय पुस्तकात यावा याचे आम्हांला कौतुक वाटते. आम्ही स्वतः हा शब्द पदव्युत्तर वर्गात गेल्यावर ऐकला. पण या प्रकरणातील मूलपेशींचा भाग पुन्हा लिहिला जावा असे आमचे मत आहे, आणि आमची तक्रार मुख्यतः त्यातील क्रियापदांबद्दल आहे.

प्रकरणाची मांडणी अशी आहे. मूलपेशी म्हणजे काय ते थोडक्यात सांगून झाल्यावर त्या कोठे असतात ते येते : नाळ, गर्भाची अगदी सुरुवातीची अवस्था, लाल अस्थिमज्जा आणि मेद ऊती. मग त्या द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने कशा जतन करतात ते येते, आणि शेवटी उपयोगांची यादी. मधुमेह, हृदयविकाराचा झटका, अल्झायमर, कंपवात यांत मेलेल्या पेशींच्या जागी मूलपेशी. थॅलॅसेमिया, रक्ताचा कर्करोग यांसारख्या विकारांत रक्तपेशी तयार करण्यासाठी मूलपेशी. मूत्रपिंड किंवा यकृत निकामी झाले तर मूलपेशींपासून नवा अवयव. सारे एकाच सुरात, एकाच ठामपणे.

वस्तुतः ही तीन विधाने एका तोलाची नाहीत. रक्ताच्या विकारांबद्दलचे विधान पक्के आहे. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली झाले, आणि तेव्हापासून या उपचाराने अनेक रुग्ण बरे झाले आहेत. मधुमेह आणि कंपवात यांवर काही मोजक्या रुग्णांत केलेल्या चाचण्यांचे आशादायक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे पुस्तक आल्यानंतर सात वर्षांनी. अल्झायमरच्या बाबतीत तेवढेही म्हणता येत नाही. आणि मूलपेशींपासून प्रयोगशाळेत पूर्ण मूत्रपिंड बनवून ते रुग्णात बसवल्याचे एकही उदाहरण नाही. झालेली गोष्ट, होऊ घातलेली गोष्ट आणि कधीतरी व्हावी अशी इच्छा या तिन्ही एका रांगेत बसवल्या, तर विद्यार्थ्याने कोणती खरी मानावी?

शब्दांचा एवढा कीस कशाला, असे कोणी म्हणेल. गेल्या पावसाळ्यात शहापूर तालुक्यातील शेणव्याला शिक्षकांपुढे या प्रकरणावर बोलण्याचा योग आला. बोलणे संपल्यावर मुरबाडकडच्या एका गुरुजींनी विचारले, "सर, आमच्या शाळेतल्या एका मुलाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. शहरातल्या एका दवाखान्यात मूलपेशींची इंजेक्शने देतो म्हणालेत. खर्च काही लाखांचा आहे. वडील जमिनीचा तुकडा काढायला निघालेत. पुस्तकात तर लिहिलेच आहे की मूलपेशी वापरतात. मग मी त्यांना काय सांगू?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी स्नायूपासून सुरुवात करावी लागते, आणि पुस्तकातील मूलपेशींच्या ठिकाणांत स्नायूचे नावच नाही.

शहापूरच्या मुलांना माहुली गड परका नाही. गड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी शरीराचा भार पेलत असतो. अशा वेळी स्नायुतंतूंना बारीक इजा होतात. (हे दुखणे लॅक्टिक आम्लाचे, असे सरसकट सांगितले जाते. ते आम्ल तासा-दोन तासांत निघून जाते. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही.) चार-पाच दिवसांत मांड्या पूर्ववत होतात. दुरुस्ती कोणी केली?

स्नायुतंतू स्वतः ती फारशी करू शकत नाही. तो लांबलचक, अनेक केंद्रके असलेला असतो, आणि त्याची केंद्रके पुन्हा विभाजित होत नाहीत. १९६१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्झांडर माउरो यांना बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना तंतूचे पटल आणि त्यावरचे पातळ आवरण यांच्यामध्ये चिकटून बसलेल्या लहान पेशी दिसल्या. ग्रहाभोवती उपग्रह असावा तशा, म्हणून त्यांना उपग्रहपेशी हे नाव पडले. याच स्नायूच्या मूलपेशी. प्रौढ स्नायूत त्या थोड्याच असतात आणि एरवी निद्रिस्त असतात. इजा झाली की जाग्या होतात, विभाजित होतात, एकमेकींशी किंवा जुन्या तंतूशी एकरूप होतात आणि तंतू पुन्हा उभा राहतो.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी की जाग्या झालेल्या सगळ्याच पेशी तंतू बनत नाहीत. काही परत निद्रावस्थेत जाऊन आपल्या जागी बसतात. भातशेती करणाऱ्या घरातील मुलाला हे समजावण्यासाठी वेगळे उदाहरण शोधावे लागणार नाही : झोडणीनंतर सगळे भात कोणी कांडत नाही, बियाण्याचे वेगळे काढून ठेवतात. ही निद्रा म्हणजे नुसते काही न करणे नव्हे. पेशी ती प्रयत्नपूर्वक टिकवून धरते. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. ज्योत्स्ना धवन यांनी दीर्घकाळ याच अवस्थेचा अभ्यास केला आहे.

या पेशी खरोखरच अपरिहार्य आहेत का, याचा निकाल लागायला पन्नास वर्षे गेली. २०११ साली एकाहून अधिक गटांनी उंदरांत जनुकीय युक्तीने फक्त उपग्रहपेशी नष्ट केल्या आणि मग स्नायूला इजा केली. स्नायू पुन्हा तयार झालाच नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आलेल्या अशा एका शोधनिबंधाचे पहिले लेखक रामकुमार संबाशिवन हे पुढे बंगळूरला संशोधनासाठी आले. पेशी काढून घेतली आणि काम थांबले, हा पुरावा दहावीच्या मुलाला नक्की कळतो. पाठ्यपुस्तकात अशा एकाही प्रयोगाला जागा मिळू नये याचे आम्हांला वाईट वाटते.

अशा प्रयोगांत इजा करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थांपैकी एक नागाच्या विषातील प्रथिन आहे. ते उंदराच्या पायात टोचले की तंतू मरतात, पण आवरण, रक्तवाहिन्या आणि उपग्रहपेशी बऱ्याच अंशी वाचतात, आणि तीन-चार आठवड्यांत स्नायू पुन्हा तयार होतो. उलट घोणस किंवा फुरसे यांच्या विषात रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि तंतूंची आवरणे विरघळवणारी विकरे असतात. घरच उद्ध्वस्त झाले तर बियाणे राहणार कोठे? सर्पदंशानंतर कायमचा खड्डा राहिलेली पोटरी आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. मूलपेशी असणे पुरेसे नसते. तिला जागा, रक्त आणि नस लागते.

आता गुरुजींच्या त्या विद्यार्थ्याकडे वळू. मुलग्यांतील मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा सर्वांत परिचित प्रकार ड्युशेन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात डिस्ट्रॉफिन हे प्रथिन तयार होत नाही. १९८७ साली ते ओळखले गेले. हे प्रथिन नसलेला तंतू रोजच्या चालण्यानेच फाटत राहतो. माहुली उतरणाऱ्या मुलाचे एका दिवशी होते ते या मुलाचे दररोज होते. शिवाय २०१५ साली असेही दिसून आले की हेच प्रथिन उपग्रहपेशीतही लागते, आणि ते नसेल तर बियाणे आणि भात वेगळे करण्याची क्रियाच बिघडते.

मग निरोगी माणसाच्या स्नायूच्या पेशी टोचल्या तर? ही कल्पना साधी आणि आकर्षक होती. १९८९ साली टेरेन्स पार्ट्रिज आणि सहकाऱ्यांनी रोगी उंदरांत ती यशस्वी करून दाखवली : टोचलेल्या पेशी तंतूंत मिसळल्या आणि डिस्ट्रॉफिन दिसू लागले. लगेच मुलांवर चाचण्या सुरू झाल्या. त्यांतील १९९५ साली प्रसिद्ध झालेली चाचणी प्रत्येक विज्ञान शिक्षकाने वर्गात सांगावी अशी आहे. बारा मुलांच्या एका दंडात सहा महिने दरमहा सुमारे अकरा कोटी पेशी टोचल्या. दुसऱ्या दंडात पेशी नसलेले इंजेक्शन. म्हणजे प्रत्येक मुलगा स्वतःच स्वतःची तुलना. दोन्ही दंडांच्या ताकदीत फरक पडला नाही. एका मुलात सुमारे दहा टक्के तंतूंत दात्याचे प्रथिन आढळले, बाकीच्यांत नगण्य किंवा काहीच नाही. टोचलेल्या बहुतेक पेशी काही दिवसांतच मरतात, उरलेल्या सुईच्या वाटेपासून फार दूर जात नाहीत, आणि शरीर त्यांना परके मानते. रक्ताच्या मूलपेशी शिरेतून सोडल्या तरी अस्थिमज्जेचे घर शोधून काढतात; स्नायूच्या पेशींना ते साधत नाही, आणि स्नायू तर सहाशेहून अधिक.

अनेक दवाखान्यांत टोचतात त्या मात्र मुलाच्याच अस्थिमज्जेतील पेशी. त्यांत तोच जनुकीय दोष असतो. अस्थिमज्जेतील पेशी स्नायूत मिसळू शकतात असे १९९८ साली उंदरांत दिसले होते खरे, पण त्यांची संख्या इतकी अल्प होती की उपचार म्हणून तिचा उपयोग नव्हता.

म्हणून आम्ही त्या गुरुजींना सांगितले की जमीन विकू देऊ नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचे प्रत्यारोपण सोडून मूलपेशींचा रुग्णावरचा कोणताही वापर मान्य चिकित्सा चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणजे 'मूलपेशींनी बरे करू, अमुक लाख द्या' या वाक्यातच उत्तर आहे. नाळेतील रक्त खासगी पेढीत साठवण्याच्या जाहिरातींबद्दलही या सूचना स्पष्ट आहेत : पुढे स्वतःलाच उपयोगी पडेल म्हणून ते साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. पुस्तकात जतन करण्याची पद्धत तापमानासह आहे, ही एक ओळ नाही.

नवे पुस्तक होईल तेव्हा होईल. तोवर शिक्षकांनी उपयोगांच्या यादीसमोर पेन्सिलीने तीन खुणा करून घ्याव्यात : सिद्ध, चाचणीत, अद्याप कल्पना. मुलांना परीक्षेत यादी लिहू द्यावी, गुण जाऊ देऊ नयेत. पण वर्गात खुणांसह वाचावी. आणि सुरुवात नाळेपासून न करता मुलाच्या स्वतःच्या पोटरीपासून करावी.

आणखी एक गोष्ट शेणव्यातील चर्चेत निघाली, ती प्राथमिक शिक्षकांसाठी. तीन ते सहा वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, पायऱ्या चढताना मागे राहतो, पोटऱ्या मात्र जाड दिसतात, आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्याच गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत वर येतो. असे दिसल्यास त्याला आळशी म्हणू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत किंवा अंगणवाडीत येते, त्यांना मुद्दाम दाखवावे आणि रक्तातील क्रिएटिन कायनेज तपासण्यास सांगावे. या आजारात ते कित्येक पट वाढलेले असते. आजार बरा होत नाही, पण योग्य वेळी सुरू केलेली स्टेरॉइड औषधे आणि व्यायामोपचार यांनी मुलाची चालण्याची वर्षे वाढतात. निदान लवकर झाले तर आईला पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्लाही मिळू शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे शाळेत रॅम्प मागताना आणि परीक्षेत सवलत मागताना मुख्याध्यापकांनी त्या कायद्याचा आधार अर्जात लिहावा.