गाडी येण्याआधीच मीटर बंद करू नका

रेल्वेच्या आवाजावर काम करायचं ठरवलं असेल, तर सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य बहुधा तयारच असतं: 'निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून...' वाक्य बरोबर आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये हेच आकडे आहेत आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. माझी तक्रार आहे ती या वाक्यानंतर आपण जी पद्धत लिहितो तिच्याबद्दल. उदाहरण चंद्रपूर-बल्लारपूरचं घेते, कारण पद्धतीतली भोकं इथे लगेच दिसतात.

आधी साधं गणित. रुळाजवळच्या एका अंगणात एरवी ४५ डेसिबल आवाज आहे असं धरा. तासाला एक गाडी जाते आणि भोंग्यासकट १५ सेकंद ८५ डेसिबल आवाज करते. (आकडे मी कल्पिलेले आहेत, पण अशक्य नाहीत.) तासाभराची समतुल्य पातळी काढली तर साधारण ६१ येते. आता तुम्ही 'प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं' अशी मोजणी केलीत. त्या दहा मिनिटांत गाडी आली तर उत्तर ६९, नाही आली तर ४५. घर तेच, मीटर तोच, फरक २४ डेसिबलचा! आणि आपल्याला ऊन लागतं, परत जायची बस असते, म्हणून बहुतेक वेळा गाडी न येणारी दहा मिनिटंच आपल्या वाट्याला येतात. रस्त्यावरची वाहतूक सलग असते, तिथे ही पद्धत चालून जाते. तीच उचलून रुळाजवळ नेली की ती मोडते. म्हणून रेल्वेसाठी मोजणीचं एकक 'वेळ' न धरता 'गाडी' धरा: एका गाडीचा एकूण आवाज, तिची कमाल पातळी, आणि रात्रीत अशा गाड्या किती.

६१ हा आकडाही पूर्ण खरं सांगत नाही. तासभर सलग ६१ डेसिबल आणि पंधरा सेकंदांचा ८५ चा दणका कागदावर सारखेच. झोपलेल्या माणसाला मात्र ते सारखे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी रेल्वेच्या आवाजाची रात्रीची शिफारस ४४ डेसिबल ठेवली, तीही वर्षभराची सरासरीच आहे. ती उद्धृत करा, पण इथल्या वस्तीला लावताना एक विचारा: रात्रपाळी करून आलेला खाणकामगार सकाळी नऊला झोपतो, त्याची 'रात्र' कोणती? कोळशाच्या जिल्ह्यात हा प्रश्न किरकोळ नाही.

आता नकाशा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी नागपूरच्या नीरीने २७ महानगरपालिका शहरांचं ध्वनिमापन केलं. काम मोठं आहे, आणि आपल्याकडे दुसरं तेवढ्या व्याप्तीचं नाही. पण एकक महानगरपालिका. चंद्रपूर २०११ पासून महानगरपालिका, म्हणून आत. पंधराएक किलोमीटरवरचं बल्लारपूर नगर परिषद, म्हणून बाहेर. जंक्शन मात्र बल्लारपुरात आहे! कोळशाची मालगाडी हद्द बघून भोंगा वाजवत नाही. त्यात रेल्वेही एक नाही: वर्ध्याकडून बल्लारशाहपर्यंत मध्य रेल्वे, पुढे काझीपेटकडे दक्षिण मध्य, आणि गोंदिया-नागभीड-चांदा फोर्टकडून येणारी दक्षिण पूर्व मध्य. दोन नगरसंस्था आणि तीन रेल्वे. यांना एका टेबलावर बसवणारं काय आहे, हाही संशोधनाचाच प्रश्न आहे.

इथे अमेरिकेचं उदाहरण हमखास येतं. तिथे २००५ पासून भोंगा न वाजवण्याचे पट्टे करता येतात, आणि फाटकं एकाहून जास्त स्थानिक संस्थांच्या ताब्यात असतील तर त्या सगळ्यांची संमती लागते. शेजारी गावांनी एकत्र येण्याचं बंधन नियमातच आहे, हे खरंच घेण्यासारखं. पण आपल्या प्रबंधांत तो नियम 'आवाज कमी करण्याचा कायदा' म्हणून येतो, ते चूक. मुळात तो अपघाताच्या जोखमीचा हिशोब आहे. भोंगा बंद केल्याने वाढणारी जोखीम चारही बाजूंचे अडसर, दुभाजक किंवा फाटक कायमचं बंद करून भरून काढा, मगच शांतता.

तसं पाहिलं तर आपल्याकडे फाटक बंद करण्याचं काम चालूच आहे, फक्त वाहतुकीच्या नावाने. फाटकाआधी 'सी/फा'ची पाटी आली की लोको पायलटला शिट्टी द्यावीच लागते. उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग होऊन फाटक गेलं की ते कारणही जातं. मग पुलाच्या आधी आणि नंतर शेजारच्या घरांत रात्री किती फरक पडला? यासाठी प्रयोग तुम्हाला उभारावा लागत नाही, तो बांधकाम विभाग करतोय. तुम्ही फक्त वेळेत पोचायचं.

मात्र सगळीकडे 'भोंगा कमी' हा निष्कर्ष काढून मोकळे होऊ नका. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोना-चिचपल्ली भागात याच गोंदिया मार्गावर गाडीखाली वाघाचे तीन बछडे मेले. जंगलात वेग हा मुख्य प्रश्न आहे आणि भोंग्याचा उपयोग किती हे वेगळं तपासावं लागेल. वस्तीतलं उत्तर तिथे चिकटवता येत नाही.

वेळेबद्दल शेवटचं, कारण ती खरंच कमी आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया-बल्लारशाह दुहेरीकरणाला मंजुरी दिली, सुमारे २४० किलोमीटर. वर्धा-बल्लारशाहची तिसरी मार्गिकाही आहेच. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत रेल्वेमार्ग नाहीत, त्यामुळे आधीची आवाजाची पातळी मोजून ठेवायला त्या अधिसूचनेने कुणी बांधील नाही. उद्या कुणी म्हणालं 'गाड्या वाढल्या, झोप गेली', तर कशाशी तुलना करणार? विषय शोधत असाल तर चांदा फोर्टपासून सुरुवात करा. एका घराच्या मालकाला विचारून मीटर सात दिवस-रात्र सलग ठेवा, सोबत गाड्यांची नोंदवही ठेवा, आणि घरातल्यांना झोपेच्या वेळा त्यांच्या त्यांना लिहू द्या.