‘जेव्हा माणूस जागा होतो’ : एक विचार

गोदावरी परुळेकर यांचें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हें पुस्तक १९७० सालीं प्रसिद्ध झालें व १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. त्याची स्तुति पुष्कळ झाली आहे. तींत भर घालण्याचा आमचा हेतु नाहीं. मसोलीस राहून, ज्या पाड्यांची ही हकीकत त्यांच्या शेजारीं बसून, तें पुन्हां वाचतांना जो प्रश्न आम्हांस पडला तेवढाच वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

पुस्तकाचा विषय डहाणू व उंबरगांव तालुक्यांतील वारल्यांचा १९४५ ते १९४७ चा लढा. लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं नवराबायको दोघेंहि सावकाराकडे जन्माचीं बांधलीं जात. अशांस ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ च्या मे महिन्यांत झरी येथें वारली जमले आणि वेठ करावयाची नाहीं, रोजीं बारा आणे रोख मिळाल्यावांचून धन्याच्या शेतावर जावयाचें नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला तलवाडा येथें पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण मेले. हीं प्रकरणें लेखिकेनें अलंकारांवांचून लिहिलीं आहेत, म्हणूनच तीं मनास झोंबतात.

आतां आमचा प्रश्न. लेखिकेची लाल बावट्यावर अढळ श्रद्धा. त्या बावट्याच्या राज्यांत कामकऱ्यास काय मिळालें? पुष्कळ मिळालें, हें मान्य केलें पाहिजे. १९३६ च्या सोव्हिएट घटनेनें ११८ व्या कलमांत कामाचा हक्क दिला. घर, दवाखाना, पाळणाघर, सारें बहुधा कारखान्याच्या मार्फत येई. परंतु काम नाकारण्याची मुभा नव्हती. १९६१ च्या फर्मानानें ‘ऐतखाऊ’ ठरलेल्यास हद्दपार करतां येई. कवि जोसेफ ब्रॉड्स्की यांस १९६४ सालीं ही शिक्षा झाली. पूर्व युरोपांत १९८९ नंतर कारखाने बंद पडूं लागले, तेव्हां त्यांस जोडलेलीं पाळणाघरेंहि पुष्कळ ठिकाणीं गेलीं. हंगेरीनें १९९८ सालीं निवृत्तिवेतनाचा कांहीं भाग खाजगी फंडांकडे सोंपविला आणि २०१० नंतर तो बहुतेक सरकारजमा केला. वरून आलेलें वरच्यांनीं नेलें. वर्गणीदारास विचारतो कोण?

झरीचा ठराव याच्या अगदीं उलट. तेथें आरंभच नकारानें झाला. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम, नाहींतर भत्ता, असें बंधन सरकारनें स्वतःवर घालून घेतलें. त्या योजनेचे जनक वि. स. पागे काँग्रेसचे, आणि तिला जोर आला तो १९७२ च्या दुष्काळानें, हें खरें; तरीहि आम्हांस ती झरीच्या ठरावाची दूरची नातलग वाटते, कारण येथेंहि पहिला शब्द मजुराचा आहे. बाईंच्या पुस्तकांत नकाराचें एवढें मोठें चित्र आहे, आणि तोच नकार लाल बावट्याच्या राज्यांत चालला असता काय, ही शंका मात्र त्यांस शिवत नाहीं. पुस्तकाचें उणें आम्ही येथें मानतों.

नांवाविषयींहि आमची तक्रार आहे. वारली झोंपलेला नव्हता, भ्यालेला होता. त्या भीतीचीं कारणें पुस्तकांतच पानोपानीं आहेत, आणि त्यांत आमच्यासारखीं लिहितींवाचतीं माणसें पुष्कळ आहेत. लग्नगड्यांचा भाग आम्ही घरीं मोठ्यानें वाचूं लागलों, तेव्हां दोन पानांनंतर पुढें वाचा असें कोणी म्हटलें नाहीं.