म्हातारपण : रंगभूमीवरचे आणि वस्तीतले

मराठी साहित्यातले म्हातारपण सेवानिवृत्तीच्या दिवशी सुरू होते. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील (१९७०) अप्पासाहेब बेलवलकर रंगभूमीचा निरोप घेतात, मिळवलेले सारे मुलांना वाटून टाकतात आणि मग त्यांची परवड सुरू होते. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त (१९७३) नाना-नानी मुलांवाचून रिकाम्या झालेल्या घरात दिवस ढकलतात. या नाटकांची ताकद नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्यापाशी वाटून टाकायला काही आहे, ज्याचे घर रिकामे वाटण्याइतके मोठे आहे, त्याचेच दुःख ‘वार्धक्याचे दुःख’ म्हणून वर्गात शिकवले जाते. माझा आक्षेप आहे तो या ठिकाणी.

मी ज्या भागात शिकवतो तो बारामती-इंदापूरचा पट्टा. १८८५ साली नीरा डावा कालवा आला, पुढे ऊस आला, साखर कारखाने आले. १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली. पण कालव्याचे पाणी आमच्यातल्या किती जणांच्या बांधापर्यंत पोचले? ज्यांच्या नावावर शेत नाही त्यांच्या म्हाताऱ्या सत्तरीतही दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात. ‘निवृत्ती’ हा शब्द त्यांच्या बोलीत नाही. ‘हातपाय चालत्यात तवर’ एवढीच त्यांची मुदत. मुलगा विचारत नाही हे दुःख त्यांनाही आहे, पण तो मुलगा स्वतःच रोजंदारीवर असतो. त्याला ‘कृतघ्न’ ठरवून नाटक संपवता येत नाही.

साहित्याचे जे झाले तेच समाजशास्त्राचेही. जीवनाची गुणवत्ता मोजणारी जागतिक आरोग्य संघटनेची सव्वीस प्रश्नांची प्रश्नावली घेऊन आमचे विद्यार्थी प्रकल्पासाठी वस्त्यांत जातात. त्यात विरंगुळ्याची संधी कितपत मिळते, असा एक प्रश्न आहे. एका आजीने उलट विचारले, “म्हंजी नुसतं बसून ऱ्हायचं का, बाळा?” विद्यार्थ्याने ‘अजिबात नाही’वर खूण केली. हीच आजी वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन ऐकायला येते. तिला अक्षरओळख नाही. पण वाचणाऱ्या पोराने पान गाळले की ती त्याला थांबवते. याला ती विरंगुळा म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. दिवसभराचा शीण, सुनेशी झालेला खटका, दवाखान्याचे देणे हे सारे उंबऱ्याबाहेर ठेवून ती चारचौघींत जाणकार म्हणून बसते. प्रश्नावलीत याला रकाना नाही.

दुसऱ्यांना दोष देणे सोपे आहे. आमच्या समीक्षेने तरी काय केले? आमच्या आत्मकथनांत म्हाताऱ्यांची वाण नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’तील (१९८४) संतामाई आणि दादा घ्या. जात वेगळी, धर्म वेगळा असलेली ही दोन माणसे उतारवयात एकमेकांना धरून राहतात, हमालीच्या पैशांवर नातवाला वाढवतात. आम्ही त्यांत भूक वाचली, अनौरसपणाची वेदना वाचली, आणि ते वाचायलाच हवे होते. पण समाजाने कुठलेच नाते मान्य न केलेली दोन म्हातारी माणसे कशाच्या बळावर टिकली, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. आजी म्हणजे आमच्या लेखी शोषणाचा पुरावा. पुराव्याला वय नसते, थकवा नसतो, थट्टामस्करीही नसते.

शांताबाई कृष्णाजी कांबळे (१९२३–२०२३) यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) याबाबतीत वेगळे आहे. हे पुस्तक शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर लिहिले गेले. माझ्या मते या गोष्टीला आम्ही फार कमी महत्त्व दिले. दलित स्त्रीच्या हाती निवृत्तीनंतरचा वेळ येतो तेव्हा ती मुलांच्या नावाने रडत बसत नाही, उभ्या जन्माचा हिशेब मांडते. नीरा ओलांडली की फलटण. तिथल्या बेबीताई कांबळे यांना असा वेळ नव्हता. त्यांनी आपल्या छोट्या दुकानात, घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवत ‘जिणं आमुचं’ लिहिले. एकीला वेळ मिळाला, दुसरीने तो चोरला.

खुरपणाऱ्या आजीच्या वाट्याला काय येते? श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये. २०२३ पूर्वी ते १००० होते. पासष्टी पूर्ण हवी, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवे, आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. सरकारी भाषेत वाङ्मयीन गुण क्वचितच आढळतात, पण या शब्दप्रयोगापुढे मी थबकलो. आपण जिवंत आहोत हे जिने कागदावर दरसाल सिद्ध करायचे, तिला आम्ही ‘ताण येतो का’ असे विचारतो.

राहता राहिला आमच्या लेखकांचा प्रश्न. सत्तरच्या दशकात ज्यांनी तरुण रक्ताने लिहिले, त्यांच्यातले जे हयात आहेत ते आज स्वतः पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांनी आपल्या आज्यांबद्दल लिहिले. स्वतःच्या म्हातारपणाबद्दल त्यांचे फारसे वाचायला मिळत नाही. गुडघे दुखतात, सभेला जाववत नाही, नातू इंग्रजी शाळेत जातो आणि आजोबांची कविता त्याला कळत नाही. हे विद्रोहात बसत नाही, असे त्यांना कोणी सांगितले? की आम्ही वाचकांनीच?