टॅक्सॉल आणि 'निसर्गावरील विजय'

वनस्पतींत सांपडणारें औषधी द्रव्य साध्या रसायनांपासून पायरीपायरीनें प्रयोगशाळेंत घडविणें, यास रसायनशास्त्रांत संपूर्ण संश्लेषण म्हणतात. अशा कृतींचें वर्णन करितांना आमच्या लेखकांच्या लेखणींतून 'निसर्गावर विजय' हे शब्द हमखास उतरतात. कर्करोगावरील टॅक्सॉल या औषधापुरते तरी ते कितपत खरे आहेत, हें पाहणें अवश्य आहे.

या कथेचा एक धागा आमच्या वऱ्हाडाच्या शेजारीं, खानदेशांत आहे. नंदुरबार येथें १९२५ सालीं जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठांत शिकून अमेरिकेंत गेले. तेथें मन्रो वॉल यांच्यासह त्यांनीं यू नामक वृक्षाच्या सालींतून टॅक्सॉल वेगळें काढलें व १९७१ सालीं त्याची रचना प्रसिद्ध केली. परंतु साल सोलली कीं झाड मरतें, आणि सालींत द्रव्य तें किती अल्प! म्हणून संश्लेषणाची शर्यत लागली. १९९४ सालीं हॉल्टन व निकोलाऊ यांच्या दोन निरनिराळ्या गटांनीं तें साधलें.

कृति म्हणून ही असामान्य आहे. चार वलयांचा तो गुंतागुंतीचा सांगाडा उभारण्यास जी योजकता लागली, तीस आम्ही मनःपूर्वक दाद देतों. पण त्या वाटेनें रोग्यापर्यंत औषध पोंचलें नाहीं; पायऱ्या फार, आणि शेवटीं हातीं येणारें द्रव्य अत्यल्प. औषध पोंचलें तें यूच्या पानांतून. पानें खुडलीं तरी पुन्हां फुटतात. त्यांतील अर्धवट घडलेल्या रेणूस शेवटची जोड देण्याची वाट फ्रेंच रसायनज्ञांनीं दाखविली, आणि तिच्यावरील सोपी रीति याच हॉल्टन यांनीं आधींच बसविली होती. टाळ्या संपूर्ण संश्लेषणास मिळाल्या. रोग्याच्या उपयोगीं पडली ती ही अर्धी वाट.

विजयाची ही भाषा निरुपद्रवी असती, तर आम्ही ती सोडून दिली असती. पण तिनें निसर्ग आणि प्रयोगशाळा असे दोन पक्ष उभे राहतात. मग अमरावती-अकोल्याकडील एखाद्या घरांत आजारपण आलें कीं 'रसायन नको, झाडपालाच बरा' असा कौल दिला जातो, आणि उपचाराचे मोलाचे दिवस निघून जातात. आमच्या अंगणांतल्या सदाफुलींतूनहि कर्करोगावरील औषधें निघतात. पण पान चावून तीं मिळत नाहींत, शुद्ध करून, मोजूनच द्यावीं लागतात. यूनें अर्धें घडविलें, रसायनज्ञानें पुरें केलें. यांत हरला कोण? लेखकांनीं विजयगाथा पुरे करून या सहकार्याची हकीकत सांगावी, आणि वाचकांनीं ती मागून घ्यावी.