इंग्रजीतील स्वामित्ववाचक क्रियापदे आणि पौनःपुन्यदर्शक क्रियाविशेषणे

इंग्रजीच्या रूढ पाठ्यव्याकरणांत ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘युझ्वली’, ‘नेव्हर’ या पौनःपुन्यदर्शक क्रियाविशेषणांचा विचार बहुतांशी स्थानाचाच विचार असतो. क्रियाविशेषण मुख्य क्रियापदापूर्वी यावे, ‘बी’ व साहाय्यक क्रियापदे यांच्यानंतर यावे, एवढे सांगून प्रकरण संपते. हा नियम खोटा नव्हे. परंतु स्वामित्ववाचक क्रियापदांपाशी तो अपुरा पडतो. क्रियाविशेषण वाक्यात नेमके काय मोजते, हा खरा प्रश्न त्यामुळे झाकला जातो.

प्रथम ‘हॅव’ घेऊ. जुन्या ब्रिटिश गद्यात ‘यू हॅव ऑलवेज ॲन आन्सर’ या धर्तीची रचना आढळते. आज ‘यू ऑलवेज हॅव ॲन आन्सर’ हीच रूढ आहे. अर्थ तोच, क्रियाविशेषणाची जागा बदलली, कारण स्वामित्ववाचक ‘हॅव’ साहाय्यकांच्या पंक्तीतून उठून मुख्य क्रियापदांच्या पंक्तीत बसले. प्रश्नार्थी ‘हॅव यू’ मागे पडून ‘डू यू हॅव’ रूढ झाले, तेही याच स्थित्यंतरामुळे. येथे स्थानाचा नियम उपयोगी आहे, पण तो इतिहासाची खूण म्हणून.

‘ओन’ या क्रियापदाशी मात्र तो निरुत्तर होतो. ‘ही ऑफन ओन्स अ हाउस’ हे वाक्य स्थानदृष्ट्या निर्दोष आहे, तरीही ते विचित्रच वाटते. झेनो वेंडलर यांनी १९५७ मध्ये केलेल्या क्रियापदांच्या चतुर्विध वर्गीकरणात स्वामित्व हे ‘स्थिती’ या वर्गात पडते. स्थिती घडत नाही, ती असते. जे घडत नाही ते किती वेळा घडले हे मोजावे कसे? यावरून ‘स्थितिवाचक क्रियापदे ही क्रियाविशेषणे घेत नाहीत’ असा सरसकट निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. कारण ‘ग्रोसर्स ऑफन ओन देअर शॉप्स’ हे वाक्य सर्वथा स्वाभाविक आहे. येथे ‘ऑफन’ प्रसंग मोजीत नाही, वाणी मोजते. अशी क्रियाविशेषणे काळाचे क्षणच मोजतात असे नव्हे, तर प्रकरणे मोजतात, हे डेव्हिड लुइस यांनी १९७५ मध्ये दाखविले. मराठीत हाच आशय ‘पुष्कळ वाण्यांची दुकाने स्वतःच्या मालकीची असतात’ असा येतो. संख्या क्रियापदाला सोडून सरळ नामाकडे जाते.

मराठीत ‘हॅव’ला समानार्थी स्वतंत्र क्रियापद नाही, ‘-ला’, ‘-कडे’, ‘-जवळ’ यांच्या जोडीने ‘असणे’ ते काम करते. परंतु मराठीपाशी ‘आहे’ आणि ‘असतो’ हा भेद आहे, आणि तो येथे मोलाचा आहे. ‘माझ्याजवळ बहुधा छत्री असते’ यात रीती आहे. ‘माझ्याजवळ बहुधा छत्री आहे’ म्हणताच ‘बहुधा’ तर्कवाचक होते, वारंवारता उरत नाही. पारंपरिक ब्रिटिश वापरात जवळजवळ हाच भेद ‘आय युझ्वली हॅव ॲन अम्ब्रेला’ आणि ‘आय हॅव गॉट ॲन अम्ब्रेला’ यांत दिसतो. (अमेरिकन इंग्रजीत दोन्हीकडे ‘हॅव’ चालते.) मराठीभाषक विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडलेला हा भेद हाताशी असता पाठ्यव्याकरणे त्याला रिकाम्या जागा भरावयास लावतात, ही शोचनीय गोष्ट होय. त्या जागा अचूक भरूनही ‘आय ऑफन ओन’ लिहिणारा विद्यार्थी नियमाच्या दृष्टीने निर्दोषच ठरतो!

‘ऑलवेज’चा विचार मात्र वेगळा करावा लागतो. ‘दे हॅव ऑलवेज ओन्ड धिस लँड’ यात ते प्रसंग मोजीत नाही, अखंडत्व सांगते. मराठीत तेथे ‘नेहमी’ बसत नाही, ‘पूर्वापार’ बसते. ‘हॅव गॉट’ हे ‘ऑफन’शी अवघडून वागते, पण ‘ही’ज ऑलवेज गॉट ॲन एक्स्क्यूज’ हे इंग्रजांच्या बोलण्यात सहज येते. त्या गृहस्थाची सबब कधी संपतच नाही, तेव्हा प्रसंग वेगळे काढून मोजण्याचे कारणच उरत नाही.