मातृभाषा विचारली, पण मोजलं काय? लाडा बिलानियुक यांच्या पुस्तकाबद्दल

भाषेवर संशोधन करायचं म्हटलं की बहुतेकांच्या मनात आधी प्रश्नावली येते: ‘तुमची मातृभाषा कोणती?’ हा प्रश्न किती फसवा आहे ते पाहायचं असेल तर कीव्ह शहराचं उदाहरण घ्या.

२००१ च्या युक्रेनच्या जनगणनेत कीव्हमधल्या सुमारे ७२ टक्के लोकांनी आपली मातृभाषा युक्रेनियन सांगितली, तर सुमारे २५ टक्के लोकांनी रशियन. आकडे वाचून वाटेल, शहर युक्रेनियन बोलतं. पण त्या काळी कीव्हच्या दुकानांत, बसमध्ये, कचेऱ्यांत जास्त करून रशियनच कानावर पडायची. मग लोक खोटं बोलले का? नाही. ‘रिदना मोवा’ या शब्दांत ‘आपली, आपल्या माणसांची भाषा’ असा भाव आहे. लोकांनी नातं सांगितलं, सवय नाही. कीव्हच्या आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संस्थेने ‘तुम्हाला कोणत्या भाषेत बोलणं सोयीचं?’ अशा अंगाने पाहणी केली, तेव्हा देशभराचं चित्र बरंच बदललं आणि रशियनचा वाटा खूप वाढला. माणसं तीच, प्रश्न वेगळा.

या गोंधळातून वाट काढायला मला सर्वांत उपयोगी पडलेलं पुस्तक म्हणजे मानववंशशास्त्रज्ञ लाडा बिलानियुक यांचं ‘कंटेस्टेड टंग्ज’ (कॉर्नेल युनिव्हर्सिटी प्रेस, २००५). त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: माणूस भाषा निवडतो तेव्हा ‘मला काय येतं’ एवढंच बघत नाही, ‘माझं बोलणं शुद्ध धरलं जाईल का’ हेही बघतो. म्हणून पुस्तकाच्या मध्यभागी आहे ‘सुरझिक’, म्हणजे युक्रेनियन-रशियन मिसळ. या शब्दाचा मूळ अर्थ मिश्र धान्य किंवा त्याचं पीठ. गव्हात राय मिसळली की पीठ हलकं, तशी ही बोली हलकी! घरात युक्रेनियनच्या जवळचं काही बोलणारा माणूस शहरात ‘अशुद्ध’ ठरण्याच्या भीतीने रशियनकडे वळू शकतो. निवड दिसते ती रशियनची, पण कारण असतं लाज. हे प्रश्नावलीत पकडता येत नाही, आणि इथेच पुस्तकाची खरी ताकद आहे.

आता टीका. बिलानियुक सुरझिकचे पाच प्रकार करतात: शहरात आलेल्या शेतकऱ्यांचं, खेड्यातल्या बोलीचं, सोव्हिएत काळात रशियनकडे झुकवलेल्या युक्रेनियनचं, शहरी द्विभाषकांचं आणि स्वातंत्र्यानंतरचं. वर्गीकरण वाचायला छान आहे, पण त्याचा आधार बोलणाऱ्याचा सामाजिक इतिहास आहे, वाक्याची रचना नाही. समजा तुमच्याकडे नुसतं ध्वनिमुद्रण आहे आणि बोलणाऱ्याची काहीच माहिती नाही. ते वाक्य कोणत्या खणात टाकाल? विज्ञान शाखेतून आलेल्यांना हे लगेच खटकेल. दोन निरीक्षकांचं उत्तर जुळेल याची खात्री नसेल तर ते मोजमापाचं साधन होत नाही. समजून घेण्याची चौकट म्हणून ते वापरा, कोडिंगचा तक्ता म्हणून नको.

दुसरा मुद्दा ‘मॅच्ड गाइझ’ चाचणीचा. ही पद्धत वॉलेस लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये माँट्रियलच्या संदर्भात मांडली. एकच व्यक्ती तोच मजकूर दोन भाषांत वाचते, ऐकणाऱ्यांना ते माहीत नसतं, आणि ते दोन्ही ‘आवाजांना’ हुशारी, आपुलकी वगैरेंचे गुण देतात. बिलानियुक यांनीही ती वापरली. पण यातून कळतो तो कल. एखाद्या भाषेला जास्त गुण देणारा माणूस भाजी घेताना तीच भाषा बोलेल, असं त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी संवादच ऐकावा लागतो: सुरुवात कोणी केली, कोण वळलं, कोण वळलं नाही. स्वतः बिलानियुक यांनी २०१० च्या लेखात टीव्ही कार्यक्रमांत दोघंही आपापली भाषा न सोडता कसं बोलतात ते तपासलं. दोन्ही सोबत वाचा.

तिसरं, काळ. पुस्तक २००५ चं आहे. त्यानंतर २०१४ आलं, २०१९ चा भाषा कायदा आला, १६ जानेवारी २०२१ पासून दुकानदाराने ग्राहकाशी सुरुवात युक्रेनियनमध्ये करणं बंधनकारक झालं (ग्राहकाने सांगितलं तर भाषा बदलता येते), आणि २०२२ चं आक्रमण झालं. त्यामुळे ‘कीव्हमध्ये लोक असं बोलतात’ म्हणून या पुस्तकाचा वर्तमानकाळात हवाला देणं चूक आहे. ‘१९९० च्या दशकात आणि त्यानंतर थोडा काळ’ असं लिहा.

आपल्या जनगणनेतही ‘मातृभाषा’ हाच रकाना आहे. मुंबई, पणजी किंवा बेळगाववर प्रबंध लिहिणार असाल तर तो आकडा जरूर घ्या, पण ‘इतके टक्के लोक मराठी बोलतात’ असं लिहू नका. ‘इतक्यांनी मराठी नोंदवली’ असं लिहा. नोंदवणं, आवडणं आणि बोलणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा प्रश्न यातल्या कोणत्या गोष्टीबद्दल आहे, ते आराखड्याच्या पहिल्या पानावरच स्पष्ट करा. मार्गदर्शकांनी विचारायच्या आधी.