नियम खुला, पाणवठा कोणाचा?

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या वडिलांनी ठेकेदाराच्या हाताखाली २२ वर्षे राबून काढली. हजेरीची वही ठेकेदाराच्या कपाटात असे. ठेकेदार बदलला, वही गेली. वहीबरोबर माणसाची वर्षेही गेली. आज पालघरच्या महाविद्यालयात माझ्यासमोर बसणारी मुले सुटीत त्याच वसाहतीत कामाला जातात. त्यांची हजेरी मोबाइलवरच्या ॲपमध्ये लागते. काम सुटले की ॲपचे दार बंद. कपाट बदलले, किल्ली त्याच हातात राहिली.

म्हणून विकेंद्रित प्रोटोकॉलचा विचार मला परका वाटत नाही. प्रोटोकॉल म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे याचा सर्वांना खुला असलेला नियम. ई-मेल अशाच नियमावर चालते. म्हणून एका कंपनीच्या पत्त्यावरून दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर पत्र जाते. ब्ल्यूस्कायमागील एटी प्रोटोकॉलने त्यापुढे जाऊन आपले खाते आणि नोंदी एका सर्व्हरवरून उचलून दुसऱ्यावर नेण्याची सोय केली. त्याच पायावर आता गप्पांपलीकडची साधने उभी राहत आहेत : लेखनासाठी व्हाइटविंड, कार्यक्रमांसाठी स्मोक सिग्नल, प्रोग्रामरांच्या सामाईक कामासाठी टँगल्ड. आपल्याकडे बेकन या खुल्या प्रोटोकॉलवर २०२२ मध्ये बंगळुरूत नम्मा यात्री सुरू झाले आणि भाड्यातून टक्केवारी कापण्याची रीत रिक्षाचालकापुरती तरी मोडली.

हे स्वागतार्ह आहे. परंतु ही यादी वाचताना एक गोष्ट खुपते. ज्यांनी साधने बांधली त्यांच्याच गरजा त्यांत अधिक उमटल्या आहेत. लिहिणाऱ्याला लेखनाचे साधन मिळाले, प्रोग्रामरला प्रोग्रामचे. नाक्यावर उभ्या असलेल्या मजुराची हजेरी, त्याचा ओव्हरटाइम, त्याची बुडालेली मजुरी या यादीत मला दिसली नाही. ‘रोजचे’ हा शब्द आपण वापरतो तेव्हा तो कोणाचा रोज असतो?

दुसरा प्रश्न ‘खुले’ या शब्दाचा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले. पाणी प्यायलेल्यांनी मार खाल्ला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. नियम खुला झाल्याने पाणवठा खुला होत नाही. तिथवर चालत जाणारी संघटित माणसे लागतात.

तिसरा प्रश्न अधिक जिव्हारी लागणारा आहे. एटी प्रोटोकॉलवरील नोंदी मुळातच सार्वजनिक असतात. ज्याच्या आडनावाने दारे उघडतात त्याला यात काही वावगे वाटणार नाही. पण ज्याचे आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते, संघटनेत गेल्यामुळे ज्याला पुढचा ठेकेदार कामावर घेत नाही, त्याची नोंद चव्हाट्यावर ठेवणे म्हणजे मुक्ती नव्हे. विकेंद्रीकरणाच्या भोळ्या भक्तीपासून आपण सावध राहिले पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगानावर कठोर प्रहार केला, तो याचसाठी. सत्ता विखुरली म्हणजे ती शोषितापर्यंत पोचली असे नव्हे; ती गावच्या पाटलाकडेही जाऊ शकते. इथे पाटील म्हणजे सर्व्हरचा मालक.

मग हे नाकारावे काय? मुळीच नाही. मजुराची हजेरी ठेकेदार आणि मजूर या दोघांच्या डिजिटल सहीने नोंदली जावी. ती कामगारांच्या सहकारी संस्थेच्या सर्व्हरवर राहावी. मजुराने परवानगी दिल्यावाचून कोणालाही ती दिसू नये. मराठी न वाचता येणाऱ्या वारली बाईला ती तिच्या बोलीत ऐकता यावी. यातले काहीही अशक्य नाही. आमच्यातली मुले आता संगणक शिकत आहेत. त्यांनी नोकरीसाठी जरूर शिकावे; पण बापाची हरवलेली वही पुन्हा लिहिण्यासाठीही शिकावे.